दोरीला बांधलेलं पेन

माझ्यावर ॲप तयार करण्याची वेळ आली ती केवळ माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. माणसाने चांगलं अक्षर काढू नये, निदान बँकेत तरी. आमच्या बँकेतला पैसे भरण्याचा फॉर्म, पैसे काढण्याचा फॉर्म, पत्ता बदलल्याचा फॉर्म आणि फॉर्म हरवल्याबद्दल द्यायचा फॉर्म, हे सगळे गेल्या सव्वीस वर्षांत मी स्वतः पट्टी-पेन्सिल घेऊन आखलेले आहेत. शेवटचा फॉर्म तर सर्वस्वी माझ्या डोक्यातून निघालेला आहे, आणि तो आजवर कुणी हरवलेला नाही.

बँक लहान आहे. शाखा एक, खिडक्या सहा, त्यांपैकी उघडतात चार. चौथ्या खिडकीवर 'चौकशी' अशी पाटी आहे आणि पाटीखाली मी आहे. लोक विचारतात, मी सांगतो. सव्वीस वर्षं हेच चालू आहे.

त्या दिवशी अध्यक्षांनी सगळ्यांना वरच्या हॉलमध्ये बोलावलं.

"तरुण मंडळी आपल्याकडे फिरकत नाहीत," अध्यक्ष म्हणाले. "वर्षभरात पंचविशीच्या आतली किती खाती उघडली?"

मॅनेजरांनी कागद पाहिला. "तीन, साहेब. त्यातलं एक माझ्या मेव्हण्याचं."

"मेव्हण्याचं वय काय?"

"एकतीस."

अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "आजकाल सगळ्यांचं ॲप असतं. आपलंही काढा. ॲप म्हणजे शेवटी काय? फॉर्मच तो. कागदावर नसतो, फोनात असतो, एवढंच."

फॉर्म म्हटल्याबरोबर सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो की मी फोन बोलण्यासाठी आणि कपाटाखाली पडलेली वस्तू शोधताना उजेडासाठी वापरतो. मॅनेजर म्हणाले, "तुम्ही फक्त आखून द्या हो. फोनात घालायचं काम बाहेरच्या लोकांना देऊ." मुदत तीन महिन्यांची मिळाली. टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजल्या की काम आपल्या गळ्यात पडलं असं समजावं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

घरी येऊन मी ही बातमी जरा छाती फुगवूनच सांगितली. बायको म्हणाली, "छान झालं, चहा घ्या." मुलगी म्हणाली, "तरुणांसाठी ॲप? तुम्ही करणार?"

"हसायला काय झालं?"

"हसत नाहीये बाबा. घाबरलेय."

मुलीला नुकतीच पहिली नोकरी लागली होती, तीही दुसऱ्या गावात. तीन महिन्यांनी ती जाणार होती आणि कंपनीने पगारासाठी खातं कोणत्या बँकेत आहे ते कळवायला सांगितलं होतं. मी म्हणालो, त्यात कळवायचं काय, खातं आपल्याच बँकेत.

"बाबा, एक सांगू का? तुमच्या बँकेत खातं काढायला माझी ना नाही. पण तिथे काहीही करायचं म्हटलं की तुम्हाला विचारावं लागतं. मी तिकडे एकटी राहणार. मला सगळं माझं मी करायचंय. तुमचं ॲप मला एकदाही काही न विचारता वापरता आलं, तर पगाराचं खातं तुमच्याकडे. एकदा जरी विचारावं लागलं, तर समोरच्या मोठ्या बँकेत."

समोरची मोठी बँक म्हणजे आमच्या खिडकीतून दिसते ती काचेची. तिथे दार आपोआप उघडतं. आमचं दार दोन हातांनी ढकलावं लागतं, आणि पावसाळ्यात खांदाही लावावा लागतो. मॅनेजरांच्या दोन्ही मुलांची खाती आमच्याकडे. रोखपालाच्या सुनेचं खातं आमच्याकडे. आणि ज्या माणसाला सगळं गाव बँकेविषयी विचारतं त्याची मुलगी समोर! मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण खरं सांगायचं तर तोंडाचं एवढं काही नव्हतं. मुलगी लांब चालली होती. तिचं खातं माझ्या बँकेत राहिलं असतं, तर तिचं काहीतरी माझ्या खिडकीपाशी राहिलं असतं. हे मी तिला बोललो नाही. मी म्हणालो, "मान्य."

कामाला लागलो. बायकोच्या सुयादोऱ्यांचा बुटाचा खोका रिकामा केला, त्याला फोनच्या मापाची खिडकी कापली आणि कागदाची लांब पट्टी आतून सरकवता येईल अशी सोय केली. पट्टीवर एकाखाली एक पडदे आखले. सुया चहाच्या बशीत ठेवल्या आणि तसं सांगायला विसरलो. त्यावरून घरात जे झालं ते या कथेचा भाग नाही.

पडदे एकूण एकोणीस झाले. पहिल्यावर 'सुस्वागतम'. दुसऱ्यावर टोकन क्रमांक, कारण टोकन नसेल तर कोण आधी आलं हे कळणार कसं? तिसऱ्यावर 'कामाचे स्वरूप', चौथ्यावर 'कामाचे उपस्वरूप'. सातव्यावर प्रतिज्ञापत्र होतं. ते मी लाल रेघेने आखलं होतं आणि फार देखणं झालं होतं.

फोनात घालण्याचं काम ज्या बाईंना दिलं होतं त्यांचं ऑफिस दातांच्या दवाखान्याच्या वर होतं. एक खोली, दोन कॉम्प्युटर, आणि जमिनीतून येणारा यंत्राचा घूंऽऽ असा आवाज. बाई पस्तिशीच्या आसपासच्या. त्यांनी मला 'काका' म्हटलं, ते मी सोडून दिलं. मी खोका त्यांच्यापुढे ठेवला आणि पट्टी सरकवून एकोणीस पडदे दाखवले. त्यांनी दुसऱ्या पडद्यावर बोट ठेवलं.

"काका, टोकन कशाला? फोनात रांग नसते."

"रांग नसते म्हणूनच तर गोंधळ होतो," मी म्हणालो.

तेवढ्यात खालून कुणीतरी जोरात ओरडलं. बाईंच्या मनातलं तोच बोलला असं मला वाटलं.

"ही खोक्याची कल्पना मात्र चांगली आहे," त्या म्हणाल्या. "खरंच. कागदावर चूक सुधारायला काही लागत नाही. पण हे कुणाच्या हातात देऊन बघितलंत का? लोकांना वापरायला द्या. तुम्ही काही बोलू नका. फक्त कुठे अडतात ते बघा."

काही बोलू नका! सव्वीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसलेल्या माणसाला! पण बाईंनी तेवढ्यात कॉम्प्युटरकडे तोंड फिरवलं होतं, त्यामुळे माझा अपमान झालेला त्यांना दिसला नाही.

रविवारी मी शेजाऱ्यांना बोलावलं. समोरच्या वहिनी आल्या आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक आले. दोघेही तरुण नव्हते, पण मोकळे होते. वहिनींनी खोका हातात घेतला आणि म्हणाल्या, "रंग हिरवा ठेवा. डोळ्यांना थंड." मी काही बोललो नाही. त्यांनी 'शिल्लक' या चौकोनावर बोट दाबलं. मी पट्टी सरकवली. तिथे नमुना म्हणून मी 'सात लाख बारा हजार तीनशे' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

"अगंबाई!" वहिनी म्हणाल्या, आणि खोका खाली ठेवून घाईने घरी गेल्या.

मुख्याध्यापकांनी खिशातून लाल पेन काढलं. त्यांनी पट्टी टोकापासून टोकापर्यंत वाचली, तेवीस ठिकाणी खुणा केल्या, शेवटी 'शंभरपैकी अठ्ठावन्न, पुन्हा लिहून आणणे' असा शेरा मारला आणि खाली सही केली. मी काही बोललो नाही. बाईंनी सांगितलं होतं म्हणून नव्हे, मला शब्दच सुचेना.

सोमवारी संध्याकाळी इमारतीची कमिटी दारात उभी. लिफ्ट चार महिने बंद होती. "आपल्यासारख्या माणसांनी पुढाकार घ्यायला हवा," सेक्रेटरी म्हणाले. मी विचारलं, आपल्यासारख्या म्हणजे कशा? ते सूचक हसले. "सात लाख बारा हजार तीनशे," मागून कुणीतरी हळूच म्हणालं. मी खोका आणून दाखवला, पट्टी दाखवली, तो आकडा नमुन्याचा आहे हे पोटतिडकीने सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "हो हो, नमुन्याचाच." पण जाताना पावतीपुस्तक टेबलावर ठेवून गेले. मी दार लावून आत आलो तर बायको उभी.

"तो आकडा खोटा आहे हे मला कळतं हो," ती म्हणाली. "पण इतका नेमका सुचला कुठून?"

मी पावतीपुस्तक उचलून कपाटावर ठेवलं.

बँकेत वेगळंच वाढून ठेवलं होतं. ॲपसाठी मला धरून पाचजणांची समिती नेमली गेली. तरुणांची बाजू मांडायला म्हणून संचालक मंडळाचे युवा प्रतिनिधी होते. ते चौतिसाव्या वर्षी युवा प्रतिनिधी झाले, आज एक्कावन्नाचे आहेत, आणि त्यांना आठवण करून देण्याचा प्रसंग अजून कुणावर आलेला नाही. समितीने चार बैठकांत माझे एकोणीस पडदे सव्वीसवर नेले. 'सुस्वागतम'च्या जागी मॅनेजरांचा फोटो आला. ग्राहकाने बोटाने तीन ठिकाणी सही करायची असं ठरलं, कारण कागदावर तीन ठिकाणी करतात. कागदावर का करतात, असं युवा प्रतिनिधींनी विचारलं, तेव्हा सगळे माझ्याकडे बघू लागले. तो फॉर्म मीच आखला होता. पानाच्या खाली जागा उरली होती म्हणून तिसरी सही घातली होती. मी फाइलमध्ये डोकं घातलं.

शेवटच्या बैठकीत आमच्या तपासनिसांनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वा वाजला होता. "बँकेची वेळ तीच ॲपची वेळ," ते म्हणाले. "दीड ते दोन आपण जेवत असताना कुणी व्यवहार केला आणि काही चुकलं, तर जबाबदार कोण?"

कुणालाच उत्तर देता येईना, कारण सगळ्यांना भूक लागली होती. ॲपला दीड ते दोन जेवणाची सुट्टी असावी, असा ठराव एकमताने मंजूर झाला. अनुमोदन मी दिलं. हे मी आजवर घरी सांगितलेलं नाही.

दातांच्या दवाखान्यावरच्या बाईंनी ठराव वाचला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा ठराव वाचला. "तुम्ही सांगाल तसं," त्या म्हणाल्या. लोक दाताच्या डॉक्टरपुढे 'आ' करतात त्या आवाजात.

पंधरवड्याने ॲप फोनात आलं. शनिवारी दुपारी मी ते मुलीपुढे ठेवलं आणि अटीप्रमाणे गप्प उभा राहिलो. तिने ते उघडलं. मॅनेजर दिसले. ती दचकली, पण तिने काही विचारलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. पुढे टोकन आलं. तिने मोठ्याने वाचलं, "आपला टोकन क्रमांक एक. आपल्या आधी शून्य ग्राहक आहेत. कृपया बसून घ्या."

"मी बसलेलीच आहे," ती फोनला म्हणाली.

तिने नाव घातलं, पत्ता घातला, प्रतिज्ञा केली. बोटाने दोन सह्या केल्या. तिसरी करताना पडदा पांढरा झाला आणि त्यावर माझ्याच वळणदार अक्षरात ओळ उमटली: 'जेवणाची सुट्टी. कृपया दोन वाजता या.' एक वाजून तीस मिनिटं झाली होती.

मुलीने फोन टेबलावर ठेवला. आधी तिचे खांदे हलू लागले, मग ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आतून बायको बघायला आली आणि तीही हसली. "बाबा, तुमच्या ॲपला भूक लागते!" मी म्हणालो, त्यामागे जबाबदारीचा प्रश्न आहे. त्यावर दोघी पुन्हा हसल्या. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन महिने खपून मी स्वतःच्या हातांनी मुलीला समोरच्या बँकेत पोचवून आलो होतो.

आत आलो तेव्हा हसणं संपलं होतं. मुलगी टेबलाशी बसली होती आणि तिच्यापुढे काचेच्या बँकेचा फॉर्म होता. तिला वाईट वाटत होतं ते दिसत होतं, पण ॲप वापरता आलं नव्हतं आणि अट ती अट.

"बाबा, पेन आहे का?"

मी खिशातलं दिलं. देताना मला दिसलं की तिचं स्वतःचं पेन तिच्या केसांच्या बुचड्यात खोचलेलं आहे. नेहमीच असतं. तिने माझं पेन घेतलं, पण लिहिलं काहीच नाही. टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"हा शेवटचा रकाना," ती खाली मान घालून म्हणाली. "'खातेदाराच्या पश्चात.' म्हणजे मी मेल्यावर का?"

"हो. पैसे कुणाला द्यायचे त्याचं नाव. पण ते सगळेच लिहितात. मरायला हवं असं नाही."

"मग माणूस बावीस वर्षांचा असला तरी लिहायचं? मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. ऑफिसात विचारलं असतं तर हसले असते ना सगळे?" तिने सुस्कारा सोडला. "कधीपासून विचारायचं होतं. लाज वाटत होती."

मी खुर्चीत बसलो. मला माझी खिडकी दिसायला लागली. खिडकीपाशी एक पेन दोरीला बांधलेलं आहे. वयस्क माणसं येतात ती थेट विचारतात, ओरडून विचारतात, उत्तर मिळाल्यावर तेच पुन्हा विचारतात. तरुण पोरं-पोरी येतात ती म्हणतात, "पेन आहे का?" सव्वीस वर्षं म्हणत आली आहेत. शर्टाच्या खिशात पेन असतं आणि तरी म्हणतात. मग दोरीचं पेन हातात घेऊन उगाच उभी राहतात, कागदावर रेघोट्या मारतात, मागे कुणी नाही असं बघतात आणि मग हळूच विचारतात, "चेकवर रक्कम अक्षरात कशी लिहायची हो?" ताकाला जाऊन भांडं लपवतात बिचारी. आणि मी काय करत होतो? टोकन आखत होतो. कुणाला काही विचारावं लागू नये असं ॲप करायला निघालो होतो, आणि त्यांना विचारायचंच होतं. फक्त कुणी बघायला नको होतं.

"फॉर्म कधी टाकणार आहेस?" मी विचारलं.

"पंधरा तारखेपर्यंत मुदत आहे."

"मग पंधरापर्यंत थांब."

त्या संध्याकाळी मी नवी पट्टी घेतली. मॅनेजर काढून टाकले. टोकन काढलं. लाल रेघेचं प्रतिज्ञापत्र एकदा शेवटचं वाचलं आणि काढलं. तिन्ही सह्या काढल्या. सव्वीसचे पाच पडदे राहिले. आणि प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात एक पेन रेखाटलं, दोरीसकट. ते दाबलं की एक कोरा चौकोन येतो. नाव नाही, खाते क्रमांक नाही. काय विचारायचं ते लिहा. बँकेतला माणूस उत्तर देईल, दोन वाक्यांत, न हसता.

बाईंनी ती पट्टी खोक्यात घालून दोनदा सरकवली. खाली यंत्र बंद होतं, दवाखान्याला सुट्टी असावी. "काका," त्या म्हणाल्या, "हे कुणी सुचवलं?"

"मुलीने विचारलं."

"बघितलंत ना शेवटी कुठे अडतात ते! हे मी चार दिवसांत करून देते." या वेळचं 'काका' मला गोड लागलं.

समितीत मात्र भडका उडाला. तपासनीस म्हणाले, "निनावी चौकशी नियमात बसत नाही. चौकशी करणाऱ्याची ओळख पटवणे आवश्यक. कलम नऊ."

मी आयुष्यात पहिल्यांदा बैठकीत उभा राहिलो. खुर्ची मागे पडली, ती शिपायाने उचलली. "साहेब, खिडकीवर कुणी पेन मागितलं तर आपण आधी त्याचं नाव विचारतो का?"

तपासनीस नियमांची पानं उलटू लागले. शेवटी शिपाईच म्हणाला, "नाव विचारलं असतं तर बरं झालं असतं. महिन्याला चाळीस पेनं जातात, दोरीसकट."

अध्यक्ष प्रथमच हसले. मॅनेजर विचारात पडले. त्यांचा फोटो गेला होता, तरी माणूस मनाने वाईट नाही. ते म्हणाले, "चौकशी म्हटलं तर मंडळाची मंजुरी लागेल, सहा महिने जातील. पण हे पेन आहे. पेन स्टेशनरीत येतं. स्टेशनरी मी माझ्या सहीने घेऊ शकतो."

असं ते पेन मंजूर झालं, स्टेशनरी खात्यातून, नग एक. आवक नोंदवहीत त्याची नोंद आहे. 'शेरा' या रकान्यात शिपायाने 'वस्तू दिसली नाही' असं लिहिलं आहे. जेवणाच्या सुट्टीचा ठराव मात्र मागे घ्यायला तपासनीस तयार होईनात. तो बाईंनी पाळला, अक्षरशः पाळला. दीड ते दोन ॲप बंद असतं, फक्त समितीच्या पाचजणांच्या फोनवर. बाकीचे चौघे जेवायला बसताना उघडून बघतात आणि समाधानाने जेवतात.

चौदा तारखेला मी फोन मुलीपुढे ठेवला आणि बाल्कनीत जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. समोरच्या वहिनी त्यांच्या बाल्कनीतून म्हणाल्या, "लिफ्ट सुरू झाली बरं का. तुमच्यामुळेच." मी एक पैही दिलेली नव्हती. पण मी पुढाकार घेणार या धास्तीने सेक्रेटरींनी स्वतःच पुढाकार घेतला होता. मी मान हलवली. मागे काहीच ऐकू येईना. चार मिनिटं गेली असतील.

"झालं," मुलगी दारात येऊन म्हणाली.

"सगळं?"

"सगळं. खातं उघडलं. काही विचारावं लागलं नाही." मग तिने फोनकडे बघितलं. "हे कोपऱ्यातलं पेन कशाचं आहे?"

दोघेही एकमेकांकडे बघत राहिलो.

"हे मी विचारलेलं नाही," ती घाईने म्हणाली.

"मला काही ऐकू आलं नाही," मी म्हणालो. "रस्त्यावर आवाज फार आहे."

काचेच्या बँकेचा फॉर्म तिने दुमडला. बायकोने त्यात सुया टोचून ठेवल्या, कारण खोका अजून परत मिळालेला नव्हता. मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नीट आखलं होतं. मुलगी कुणालाही काही न विचारता जाऊ शकेल असं मी करून दिलं होतं, आणि मला आनंद झाला होता. थोडं वाईटही वाटत होतं, पण ते वाटणारच.

महिनाअखेरीला ती गेली. फोन करायची तो आईला. "सगळं ठीक आहे," एवढंच सांगायची. मला विचारायला तिच्याजवळ काही नसायचं.

पेन मात्र चालायला लागलं. पहिल्या दिवशी कुणी नुसतंच 'हॅलो' लिहिलं. मी 'नमस्कार' कळवलं. मग एकाने विचारलं, चेक कुठून फाडायचा? एकीने विचारलं, खात्यात काहीच नसलं तर बँक रागावते का? मी कळवलं, बँक रागावत नाही, वाट बघते. एकाने विचारलं, घरच्यांना न सांगता शिक्षण बदलायचं असेल तर फी कशी भरायची? याला दोन वाक्यं पुरेनात. मॅनेजरांच्या परवानगीने मी तिसरं लिहिलं. तीन आठवड्यांत पंचविशीच्या आतली साठ खाती उघडली. अध्यक्ष स्वतः खिडकीपाशी येऊन उभे राहिले, दोरीचं पेन हातात घेतलं, खाली ठेवलं आणि गेले.

मग एका सकाळी, खिडकीपुढे सात-आठजणांची रांग असताना, पेनातून एक प्रश्न आला.

'पहिला पगार झाला. वडिलांना काहीतरी घ्यायचं आहे, पण काय घ्यावं कळत नाही. काही घेतलं की ते म्हणतात कशाला खर्च केलास, आणि मग तेच शेजाऱ्यांना दाखवत फिरतात. काय करू?'

नाव नव्हतं. नाव येऊ नये अशी सोय मीच केली होती. जगात असे वडील पुष्कळ असतात, असं मी मनाला बजावलं. हा प्रश्न बँकेच्या कामाचा नव्हता, नियमाप्रमाणे तसं कळवून मोकळं व्हायला हवं होतं. मी चष्मा पुसला आणि दोन वाक्यं लिहिली.

'कशाला खर्च करता. तुम्ही वेळेवर जेवता एवढं कळवलंत तरी वडिलांना पुरे होईल.'

रांगेतल्या पहिल्या गृहस्थांना पत्ता बदलल्याचा फॉर्म हवा होता. तो काढेपर्यंत उत्तर आलं.

'जेवते बाबा. आणि हे मी तुम्हाला विचारलेलं नाही हं, पेनला विचारलं. अट मोडलेली नाही.'

मी गृहस्थांना फॉर्म दिला. तो पैसे काढण्याचा होता असं त्यांनी सांगितलं. मग मी दुसरा दिला, तोही चुकीचा होता. मला कागदावरचं काही दिसेना. शेवटी मी उठलो, खिडकीची काच खाली ओढली आणि सव्वीस वर्षांत जी पाटी दीडच्या आधी कधी लावली नव्हती ती लावली: 'जेवणाची सुट्टी.'

घड्याळात सकाळचे अकरा वाजले होते.